लेबलवर नाव एकाचे, हात हजारोंचे

पॅरिसमध्ये आव्हेन्यू मोंतेन नावाचा रस्ता आहे. त्या रस्त्यावरच्या 30 क्रमांकाच्या इमारतीतून 'डिओर' हे कपड्यांचे घराणे चालते. राण्या, नट्या आणि अब्जाधीशांच्या बायका यांचे कपडे शिवणारे हे घराणे. आंबेडकरी चळवळीच्या वाचकाने त्याचा इतिहास कशासाठी वाचायचा, असे कुणी विचारील. आपल्या वस्त्यांत महागाईने कंबरडे मोडलेले असताना पॅरिसच्या फॅशनचे कौतुक कशाला?

कौतुक करायचे नाहीच. पण वस्त्र हा आपल्यासाठी कधी चैनीचा विषय नव्हता. कोणत्या जातीच्या बाईने लुगडे कुठवर नेसावे, अंगावर कोणत्या धातूचा दागिना घालावा, हे गावगाड्याने ठरवून दिले होते. म्हणूनच 1927 च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांना लुगडे नेसण्याची जुनी पद्धत सोडायला सांगितले. वस्त्रात माणसाचा दर्जा लिहिलेला असतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मात्र वस्त्र कोण घालतो एवढाच प्रश्न नसतो. ते शिवतो कोण, भरतकाम करतो कोण, आणि शेवटी नाव कोणाचे लागते, हाही प्रश्न असतो. डिओरचा सुमारे ऐंशी वर्षांचा इतिहास या प्रश्नाचे उत्तर चांगले देतो. म्हणून तो वाचायचा.

गिरणीमालकाचे भांडवल

ख्रिश्चन डिओर यांचा जन्म 1905 मध्ये नॉर्मंडीतील ग्रांव्हिल या समुद्रकाठच्या गावी झाला. वडिलांचा रासायनिक खतांचा धंदा होता. घर सुखवस्तू होते. 1929 च्या मंदीनंतर हा धंदा बुडाला आणि मुलाला पोटासाठी टोप्यांची आणि कपड्यांची चित्रे काढून विकावी लागली. पुढे दुसऱ्या महायुद्धात पॅरिस नाझींच्या ताब्यात असताना तो ल्युसियाँ लेलाँग यांच्या घराण्यात नोकरी करीत होता. तिथल्या गिऱ्हाइकांत जर्मन अधिकाऱ्यांच्या बायकाही होत्या.

त्याच काळात त्याची धाकटी बहीण कॅथरीन नाझींविरुद्धच्या भूमिगत चळवळीत काम करीत होती. जुलै 1944 मध्ये तिला पकडले. छळ केला. पण तिने साथीदारांची नावे सांगितली नाहीत. तिला राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत धाडण्यात आले. 1945 मध्ये ती जिवंत परतली. नंतर तिने फुलांचा व्यापार केला आणि छळ करणाऱ्यांच्या खटल्यात 1952 साली साक्षही दिली. भावाने 1947 मध्ये काढलेल्या 'मिस डिओर' या अत्तराचे नाव तिच्यावरूनच पडले. जगाने अत्तराची बाटली ओळखली, बाई कोण होती हे मात्र फार थोड्यांना ठाऊक होते. नाव वापरायचे आणि माणूस झाकायचा, ही या धंद्याची रीत तेव्हापासूनची आहे. याच कुटुंबातली पुतणी फ्रांस्वाझ हिने 1963 मध्ये ब्रिटनमधील नवनाझी पुढारी कॉलिन जॉर्डन याच्याशी लग्न केले, हेही विसरता येत नाही. एका आडनावाखाली दोन्ही टोके नांदली.

डिओरचे घराणे 1946 मध्ये उभे राहिले ते मार्सेल बुसाक या गिरणीमालकाच्या पैशावर. बुसाक फ्रान्सचा सुती कापडाचा राजा होता. त्याने सुमारे सहा कोटी फ्रँक घातले. 12 फेब्रुवारी 1947 रोजी पहिला शो झाला. कंबर आवळलेली, घागरा घोळदार आणि पोटऱ्यांच्याही खाली गेलेला. काही पोशाखांना वीस वारांपर्यंत कापड लागे. एका अमेरिकन संपादिकेने त्याला 'न्यू लूक' म्हटले आणि ते नाव चिकटले. घेर वाढला की कापड जास्त खपते, आणि भांडवल कापडवाल्याचे होते. यातला हिशेब समजायला पदवी लागत नाही.

त्या वेळी युरोप उपाशी होता. ब्रिटनमध्ये कपडे रेशन कार्डावर मिळत होते, ते रेशनिंग 1949 पर्यंत चालले. पॅरिसमध्येही ब्रेड रेशनवर होता. अशा दिवसांत मोंमार्त्रच्या र्यू लपिक या बाजाररस्त्यावर डिओरचे कपडे घातलेल्या मॉडेलना छायाचित्रासाठी नेण्यात आले. बाजार करायला आलेल्या बायका संतापल्या. त्यांनी त्या मॉडेलचे कपडे ओढले, फाडले. फॅशनच्या पुस्तकांत हा प्रसंग गमतीचा किस्सा म्हणून येतो. आपण त्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले पाहिजे. ज्या बाईला पोराच्या सदऱ्याला कापड मिळत नव्हते, तिने वीस वारांचा घागरा पाहिला तेव्हा तिला सौंदर्य दिसले नाही, आपली चोरलेली वाटणी दिसली. राग चुकीच्या बाईवर निघाला, कारण मॉडेलसुद्धा पगारीच होती. पण राग खोटा नव्हता.

गादीचे वारसदार

1957 मध्ये डिओर 52 व्या वर्षी इटलीत हृदयविकाराने वारला. घराणे मात्र थांबले नाही. गादीवर ईव्ह सँ लोराँ हा अवघा 21 वर्षांचा पोरगा बसला. त्याचा जन्म फ्रेंच अल्जीरियातल्या ओरान शहरातला. 1958 चा त्याचा पहिला शो गाजला, त्याला डोक्यावर घेतले गेले. 1960 मध्ये त्याने पॅरिसच्या तरुणांची काळी चामडी जाकिटे श्रीमंतांच्या दिवाणखान्यात आणली आणि मालक-गिऱ्हाइकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्याच वर्षी त्याला सक्तीच्या लष्करी भरतीचा हुकूम आला. फ्रान्स तेव्हा अल्जीरियाचे स्वातंत्र्य चिरडण्यासाठी युद्ध करीत होता. सँ लोराँ काही आठवड्यांतच मानसिकदृष्ट्या कोसळला. त्याला लष्करी इस्पितळात विजेचे झटके देण्यात आले. इकडे घराण्याने त्याच्या जागी मार्क बोहाँ याला बसवले. ज्याच्या नावाचा काल जयघोष केला, त्याला आजारपणात वाऱ्यावर सोडले. सँ लोराँने दावा लावला, भरपाई मिळवली आणि 1961 मध्ये स्वतःचे घराणे काढले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. सँ लोराँ कोर्टात जाऊ शकला, कारण त्याच्याकडे करार होता आणि नाव होते. शिवणखान्यातल्या बाईकडे यातले काय होते?

बोहाँने 29 वर्षे काम केले. त्याच्या काळात मालक मात्र बदलले. बुसाकचे साम्राज्य 1978 मध्ये बुडाले. पुढचे मालकही बुडाले. डिसेंबर 1984 मध्ये बर्नार आर्नो या बांधकाम व्यावसायिकाने तो सगळा डोलारा ताब्यात घेतला. रोजगार वाचवण्याच्या भरवशावर सरकारने गिरण्या त्याच्या हाती दिल्या. पुढच्या काही वर्षांत सुमारे नऊ हजार कामगार घरी गेले. गिरण्या विकल्या गेल्या. डिओरचे नाव आणि पॅरिसमधले एक मोठे दुकान तेवढे ठेवून घेतले. त्या नावाच्या पायावर आर्नो पुढे जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसला. 1982 चा संप आणि त्यानंतरचे गिरणगाव ज्यांनी पाहिले, त्यांना या गोष्टीचा अर्थ उलगडून सांगावा लागणार नाही. तिथे जमीन मोलाची ठरली, इथे नाव मोलाचे ठरले. दोन्हीकडे कामगार तेवढा बिनमोलाचा ठरला.

गरिबांची थट्टा आणि ज्यूंचा अपमान

1989 मध्ये इटलीचा जानफ्रांको फेरे आला. त्याच्यानंतर 1996 मध्ये जॉन गॅलियानो आला. गॅलियानो हा जिब्राल्टरमध्ये जन्मलेला, दक्षिण लंडनमध्ये वाढलेला, नळकाम करणाऱ्याचा मुलगा. कष्टकरी घरातला पोरगा त्या गादीवर बसला याचा आनंद वाटावा, अशी ही गोष्ट. पण घर कष्टकऱ्याचे असले म्हणून दृष्टी कष्टकऱ्याची राहतेच असे नाही. हे आपल्या समाजातही आपण पाहिले आहे.

जानेवारी 2000 मध्ये त्याने सीन नदीकाठी उघड्यावर राहणाऱ्या माणसांवरून स्फूर्ती घेतली, असे सांगून शो केला. फाटल्यासारखे कपडे, वर्तमानपत्राच्या छपाईचे कापड, कमरेला लोंबणाऱ्या दारूच्या छोट्या बाटल्या. ज्यांच्या अंगावर खरोखर चिंध्या होत्या, त्यांची नक्कल लाखो फ्रँकना विकायला काढली. पॅरिसमध्ये निषेध झाला, जगभरच्या वृत्तपत्रांत टीका झाली. घराण्याने काय केले? वर्तमानपत्राच्या छपाईचे तेच कापड त्याच वर्षी पुढच्या शोमध्ये आणून बाजारात विकले. गॅलियानोची खुर्ची हलली नाही.

अकरा वर्षांनी, फेब्रुवारी 2011 मध्ये, पॅरिसच्या एका कॅफेत दारूच्या नशेत त्याने ज्यूंविषयी अत्यंत गलिच्छ उद्गार काढले. हिटलरवर आपले प्रेम आहे, असे म्हणतानाची त्याची चित्रफीत जगाने पाहिली. 1 मार्च रोजी घराण्याने त्याला काढत असल्याचे जाहीर केले. फ्रान्समध्ये वंश किंवा धर्मावरून जाहीर अपमान करणे हा गुन्हा आहे. सप्टेंबरात पॅरिसच्या न्यायालयाने त्याला दोषी ठरवले आणि सहा हजार युरोंचा स्थगित दंड ठोठावला. पुढच्या वर्षी सरकारने दिलेला मानाचा किताबही काढून घेतला.

दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. ज्यूंच्या अपमानाला शिक्षा झाली, ती व्हायलाच हवी होती. बेघरांच्या थट्टेला मात्र बक्षीस मिळाले. फरक कशात आहे? एका समाजाने लाखो माणसे गमावून, संघटित होऊन, आपल्या मानाचे रक्षण कायद्यात लिहून घेतले. नदीकाठच्या बेघरांची ना संघटना होती, ना कायदा. मालकाच्या सदसद्विवेकबुद्धीवर मान टिकत नाही. कायद्याच्या कलमावर आणि ते कलम राबवून घेणाऱ्या संघटनेवर टिकतो. आपल्याकडे 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी करावी लागणारी धडपड, दोन्ही आपल्याला ठाऊक आहेत. फ्रान्समधली शिक्षासुद्धा कायमची ठरली नाही, हेही नोंदवले पाहिजे. 2014 मध्ये गॅलियानो दुसऱ्या एका नामांकित घराण्याचा प्रमुख झाला. नाव मोठे असले की परतीचा दरवाजाही मोठा असतो.

एक दिवस हात व्यासपीठावर आले

त्या मार्च महिन्यात एक विलक्षण गोष्ट घडली. गॅलियानोला काढल्यानंतर काही दिवसांतच ठरलेला शो होता. कपडे तयार होते, शो रद्द करणे परवडणारे नव्हते. शोच्या शेवटी नमस्कार करायला बाहेर येणारा माणूसच उरला नव्हता. तेव्हा पांढरे कोट घातलेले शिवणखान्यातले कारागीर, बहुतेक बाया, पुढे आल्या आणि त्यांनी लोकांचे अभिवादन स्वीकारले. फ्रेंच भाषेत या कारागिरांना 'छोटे हात' म्हणतात. ज्यांनी रात्रीचा दिवस करून टाके घातले, ते छोटे हात त्या दिवशी दिव्यांच्या झोतात उभे राहिले. सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला.

साठहून अधिक वर्षांचा इतिहास असलेल्या घराण्याला आपले कारागीर अशा वेळी आठवले. वरचे नाव बदनाम झाले, तेव्हा खालचे हात कामाला आले. पुढे नवे नाव मिळाले आणि नमस्कार पुन्हा एकाचाच झाला. श्रमाची वाटणी कुठल्याही कामात असणारच. एक कापेल, दुसरा शिवेल, तिसरा चित्र काढेल. पण बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेबद्दल जे दाखवून दिले ते इथेही लागू पडते. दोष श्रमाच्या वाटणीत नाही, श्रमिकांची वरखाली उतरंड लावण्यात आहे. डोक्याला किताब आणि हाताला नुसती मजुरी, हा त्या उतरंडीचा पॅरिसचा अवतार.

तरीही पॅरिसच्या छोट्या हातांना काही हक्क मिळाले आहेत, आणि ते कुणी दानात दिलेले नाहीत. 1917 च्या मे महिन्यात, महायुद्ध चालू असताना, पॅरिसच्या शिवणकाम करणाऱ्या मुली हजारोंच्या संख्येने संपावर गेल्या. रस्त्यावर मिरवणुका काढल्या. जूनमध्ये कायदा झाला आणि त्यांना शनिवारच्या दुपारची पगारी सुटी मिळाली. 1945 पासून फ्रान्समध्ये 'ओत कुत्युर' हे बिरुद कायद्याने बांधलेले आहे. पॅरिसमध्ये स्वतःचा शिवणखाना आणि पुरेसे पूर्णवेळ कारागीर असल्याशिवाय कोणत्याही घराण्याला ते लावता येत नाही. म्हणजे कारागीर नाहीत तर बिरुदही नाही, एवढे तरी कायद्याने मान्य केले. लेबलवर नाव मात्र मालकाचेच राहिले.

गेटवेवरचा झगमगाट

बेल्जियमच्या राफ सिमन्सनंतर 2016 मध्ये मारिया ग्राझिया क्युरी ही इटालियन बाई प्रमुख झाली. बायकांचे कपडे शिवून मोठ्या झालेल्या घराण्याला बाई प्रमुख मिळायला सत्तर वर्षे लागली. तिची आई शिवणकाम करणारी. पहिल्याच शोमध्ये तिने स्त्रीवादाची घोषणा छापलेला टी-शर्ट आणला. तो शेकडो डॉलरला विकला गेला. स्त्रीवाद तिथपर्यंत पोचला हे बरे झाले, पण तो विकत घेणे कुणाला परवडले हेही विचारले पाहिजे.

30 मार्च 2023 रोजी याच बाईने मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर डिओरचा शो केला. त्यामागे कारण होते. डिओरच्या कपड्यांवरचे बरेचसे भरतकाम मुंबईत होते. चाणक्य या संस्थेशी तिचे जुने नाते होते. ही संस्था स्त्रियांना भरतकाम शिकवणारी शाळाही चालवते. क्युरीने हे संबंध लपवले नाहीत, उलट जाहीरपणे मांडले. त्याचे श्रेय तिला द्यायलाच हवे. आपली वृत्तपत्रे मात्र कोणती नटी कोणते कपडे घालून आली, यातच रमली. लाकडी चौकटीवर ताणलेल्या कापडावर मान मोडून आरी आणि जरदोजीचे काम करणारे कारागीर कोण, ते कुठून येतात, किती तास बसतात, हे फार कुणी विचारले नाही. मुंबईतल्या या कारागिरांत उत्तर प्रदेश, बिहार, बंगालमधून आलेले गरीब मुसलमान मोठ्या संख्येने आहेत. कौशल्य पिढीजात आणि दारिद्र्यही पिढीजात, ही जोडी आपल्या ओळखीची आहे.

2016 मध्ये काही परदेशी कंपन्यांनी मुंबईतल्या भरतकाम कारखान्यांच्या सुरक्षेसाठी 'उत्थान' नावाचा करार केला. डिओरचा मालक असलेला समूह त्यात होता. पण तो करार कायद्याने बंधनकारक नव्हता. मार्च 2020 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने या साखळीविषयी सविस्तर वृत्त दिले. दाटीवाटीचे कारखाने, आरोग्याच्या सुविधांचा अभाव, आगीत बाहेर पडायला वाट नाही, अशी स्थिती अनेक ठिकाणी असल्याचे त्यातून पुढे आले. भरतकाम मुंबईत होते, शेवटचे शिवण युरोपात होते, आणि लेबलवर युरोपचे नाव लागते. नियमाप्रमाणे यात काही बेकायदा नाही. अन्याय असा कायदेशीर असतो, तेव्हाच तो सर्वांत टिकाऊ असतो.

युरोपातही सगळे आलबेल आहे असे समजू नये. जून 2024 मध्ये मिलानच्या न्यायालयाने डिओरच्या इटलीतील एका उपकंपनीवर न्यायालयीन देखरेख बसवली. तिचे काम घेणाऱ्या चिनी मालकांच्या कारखान्यांत कामगार यंत्रांजवळच झोपत होते. काम वेगाने व्हावे म्हणून यंत्रांची सुरक्षा साधने काढून टाकली होती. कातडे वगैरे माल वगळून जी बॅग 53 युरोला करून घेतली जात होती, ती दुकानात 2600 युरोला विकली जात होती. कंपनीवर स्वतंत्र गुन्हा नव्हता, आणि सुधारणा केल्यावर 2025 च्या सुरुवातीला ही देखरेख उठली. पण 53 आणि 2600 हे आकडे उठत नाहीत. सुमारे पन्नास पटींचा तो फरक म्हणजे नावाची किंमत.

2025 मध्ये क्युरी गेली आणि उत्तर आयर्लंडचा जोनाथन अँडरसन आला. 1946 पासूनच्या प्रमुखांच्या यादीतले हे आठवे नाव. त्याच्या पहिल्याच शोमधल्या एका कोटावर भारतीय मुकैश काम होते. किंमत दोन लाख डॉलरच्या घरात असल्याच्या बातम्या आल्या. कारागिरांचा उल्लेख नसल्याबद्दल थोडी चर्चा झाली आणि विरली. त्याच आठवड्यात इटलीच्या प्राडाने कोल्हापुरी चपलेची नक्कल दाखवली, तेव्हा मात्र महाराष्ट्रात आवाज उठला. त्या चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले होते आणि चर्मकार समाजाच्या महामंडळाकडे त्याचे हक्क होते. म्हणून कंपनीला उत्तर द्यावे लागले आणि बोलणीही करावी लागली. कागदावर हक्क असला की मोठ्या कंपनीलाही थांबावे लागते, एवढा धडा त्यातून घ्यायचा.

मागणी काय करायची?

डिओरवर बहिष्कार टाका, असे सांगण्यात अर्थ नाही. आपल्यातले कुणी ते कपडे विकत घेत नाही. मागणी आपल्या सरकारकडे आणि आपल्या कामगार संघटनांकडे करायची आहे. निर्यातीसाठी भरतकाम करणाऱ्या प्रत्येक कारागिराची नोंद, लेखी करार, आरोग्य विमा आणि ठरलेले तास असले पाहिजेत. परदेशी कंपन्यांशी होणारे सुरक्षेचे करार जाहीर आणि बंधनकारक असले पाहिजेत, त्यावर कारागिरांच्या प्रतिनिधीची सही असली पाहिजे. आणि कपड्याच्या लेबलवर हे भरतकाम कुठे झाले आणि कोणी केले, हे लिहिले गेले पाहिजे. या कारागिरांची जात, धर्म, प्रांत आपला नसेल. पण ज्याच्या श्रमावर दुसऱ्याचे नाव लागते, तो आपलाच आहे. आंबेडकरी चळवळ त्याच्यापर्यंत पोचली नाही, तर कंत्राटदार तेवढा पोचेल.

2011 मध्ये पॅरिसच्या त्या बायांना व्यासपीठ मिळाले ते मालकाच्या अडचणीमुळे, आणि एकाच दिवसापुरते. 1917 मध्ये शनिवारची दुपार मिळाली ती त्यांच्या संपामुळे, आणि ती कायमची. मुंबईच्या कारागिरांना यातले काय हवे आहे, हे ठरवण्याची वेळ आली आहे.